एसजीपीटी नॉर्मल, तरी गोळीचा डोस दर महिन्याला वेगळा: औषधाने झालेल्या काविळीनंतरचं एक प्रकरण

माझ्या पेशंट असलेल्या मावशींच्या सूनबाईंच्या वहीत वॉर्फरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या गोळीचा, रकाना वरून खाली वाचत गेलं की आकडे असे दिसतात: ४, ७, १०, बंद, ३, ३.५, ६, ८, ९.५, ५, ९.५, ७, ५, ४. सगळे मिलिग्रॅममध्ये, रोज रात्रीचा डोस. पेशंट एकच, हृदयातली झडप तीच, आयएनआरचं (रक्त गोठायला किती वेळ लागतो याच्या मापाचं) लक्ष्यही पहिल्या दिवसापासून तेच, २.५ ते ३.५. वर्षभरात एकाच गोळीचा डोस अडीच-तीनपट वर गेला आणि अडीच-तीनपट खाली आला, तोही दोनदा. आणि या वर्षातले निम्म्याहून जास्त महिने मावशींचे यकृताचे रिपोर्ट अगदी स्वच्छ होते.

औषधामुळे यकृताला इजा झाली, पुढे ते बरं झालं, तर ते औषधं पूर्वीसारखी हाताळतं का? हा प्रश्न ओपीडीत रोज कुणीतरी विचारतं. उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिलं जातं, कारण यकृत एखादं औषध किती वेगाने निकालात काढतंय हे मोजायचं साधन आपल्या हाताशी नसतं. या प्रकरणात ते होतं. वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाचा आयएनआर नियमित मोजला जातो, म्हणजे ते औषध मोडणाऱ्या यकृतातल्या एका एन्झाइमच्या कामाची हजेरीच लागत असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

सुरुवात

मावशी ५२ वर्षांच्या, ऊसपट्ट्यातल्या एका गावातल्या. लहानपणीच्या सांधेतापाने मायट्रल झडप खराब झालेली, आठ वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. तेव्हापासून वॉर्फरिन ४ मिलिग्रॅमवर घडी छान बसली होती. दारू नाही, मधुमेह नाही. मानेत गाठी आल्या, सुई घालून तपासल्यावर क्षयरोग निघाला. वजन ४४ किलो. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या वजनगटानुसार रोज तीन एकत्रित गोळ्या सुरू झाल्या. तीन गोळ्यांत मिळून आयसोनियाझिड २२५, रिफॅम्पिसिन ४५०, पायराझिनामाइड १२०० आणि इथॅम्ब्युटॉल ८२५ मिलिग्रॅम.

सुरुवातीचे रिपोर्ट: एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम) २४ (वरची मर्यादा ४०), बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) ०.७, आयएनआर २.८. अल्ब्युमिन, म्हणजे यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन, मात्र ३.२, म्हणजे कमी. हा आकडा मी तेव्हा नुसता वाचला आणि पुढे गेलो.

रिफॅम्पिसिन सुरू झालं की वॉर्फरिन कमी पडणार हे अपेक्षितच असतं. रिफॅम्पिसिन यकृताच्या पेशींतला पीएक्सआर नावाचा खटका दाबतं आणि पेशी औषधं मोडणारी एन्झाइमं जास्त प्रमाणात बनवू लागतात. वॉर्फरिनचा जोरकस भाग सायटोक्रोम कुटुंबातल्या २सी९ या एन्झाइमने मोडला जातो, आणि तेही या खटक्याखाली येतं. परिणाम पहिल्या आठवड्यात दिसू लागतो आणि दोनेक आठवड्यांत भरात येतो. वॉर्फरिनची गरज दुपटीपासून पाचपटीपर्यंत वाढू शकते. मावशींचा आयएनआर दुसऱ्या आठवड्यात १.७ वर घसरला. डोस ७ केला, मग १०. पाचव्या आठवड्यात आयएनआर २.६. जमलं, असं मी वहीत लिहिलं.

केशरी लघवी

४१ व्या दिवशी त्या आल्या तेव्हा डोळे पिवळे होते. चार दिवसांपासून मळमळ, दोन दिवस ओकाऱ्या, अन्नावरची वासना गेलेली. लघवी गडद होती का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात ना डॉक्टर, गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरू नका. म्हणून नाही घाबरले."

चूक माझी होती. रिफॅम्पिसिनची केशरी लघवी पहिल्या दिवसापासून असते आणि ती गोळी घेतल्यावर काही तासच ठळक दिसते. काविळीची लघवी नंतर येते, चहाच्या काळ्या अर्कासारखी असते आणि दिवसभर तशीच राहते. हा फरक मी सांगितला नव्हता. आता प्रत्येकाला सांगतो, आणि त्याच दमात हेही सांगतो की जेवण जाईनासं झालं तर रिपोर्टची वाट न पाहता गोळ्या थांबवून फोन करा.

रिपोर्ट: एसजीपीटी ६१२, एसजीओटी ५४०, अल्कलाइन फॉस्फटेज १३८ (मर्यादा १२०), बिलिरुबिन ४.८, अल्ब्युमिन २.८. आयएनआर ७.९.

एसजीपीटी मर्यादेच्या पंधरापट आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्तवाहिन्यांच्या इजेत चढणारं एन्झाइम) जेमतेम १.१५ पट, म्हणजे दोन्हींचं गुणोत्तर १३ च्या वर. पाचच्या वर असेल तर इजा पित्तवाहिन्यांपेक्षा यकृतपेशींना झाली आहे असं धरतात. अशा पेशींच्या इजेत कावीळही असेल तर दहातला एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावं लागतं. हायमन झिमरमन यांनी कित्येक वर्षांपूर्वी केलेलं हे निरीक्षण आजही औषधकंपन्यांपासून वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांपर्यंत सगळे वापरतात. आपल्याकडचं चित्र त्याहून गंभीर दिसतं. बंगळुरूच्या एका रुग्णालयाने २०१० मध्ये ३१३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात ५८ टक्क्यांची इजा क्षयरोगाच्या औषधांनी झाली होती आणि एकूण १७ टक्के रुग्ण गेले.

हिपॅटायटिस ए, बी, सी, ई चारही निगेटिव्ह आले. ई ची तपासणी आपल्याकडे विसरून चालत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. झडपेच्या पेशंटमध्ये आणखी एक शक्यता असते: हृदयाची उजवी बाजू दमली की यकृतात रक्त तुंबतं आणि एन्झाइमं चढतात. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, झडप आणि दाब दोन्ही ठीक. संशय औषधांवरच राहिला. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड त्याच दिवशी बंद.

आयएनआर ७.९ म्हणजे नेमकं काय?

एरवी काविळीच्या पेशंटचा आयएनआर वाढला की यकृत निकामी होतंय का, ही भीती असते, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. पण वॉर्फरिन घेणाऱ्या बाईत हा आकडा कुणाच्या नावावर टाकायचा? कारणं एकावर एक चढलेली होती. दहा मिलिग्रॅमचा चढा डोस. तो मोडणाऱ्या पेशी जखमी. चार दिवस पोटात अन्न नाही, म्हणजे पालेभाज्यांतून येणारं व्हिटॅमिन के नाही. अल्ब्युमिन उतरल्याने रक्तात मोकळं फिरणारं वॉर्फरिन थोडं जास्त. आणि यकृताची घटक बनवण्याची ताकदच कमी झाली असेल तर तेही.

इथे फॅक्टर ५ ची तपासणी कामी आली. हा घटक यकृतच बनवतं, पण त्याला व्हिटॅमिन के लागत नाही, त्यामुळे वॉर्फरिन त्याला हात लावत नाही. यकृत निर्मिती थांबवत असेल तर फॅक्टर ५ खाली येतो, नुसतं वॉर्फरिन जास्त झालं असेल तर तो जागेवर राहतो. मावशींचा आला ६८ टक्के. बोलणं सुसंगत, हात पुढे धरले तर थरथर नाही, साखर नॉर्मल. यकृत जखमी होतं, पण कोसळत नव्हतं. ७.९ मधला मोठा वाटा गोळीचा होता.

रक्तस्राव नव्हता, फक्त बीपीचा पट्टा बांधलेल्या जागी निळसर डाग. धातूची झडप असताना व्हिटॅमिन के भरभरून देणं म्हणजे झडपेवर गुठळी ओढवून घेणं, म्हणून नुसतं वॉर्फरिन थांबवून रोज आयएनआर पाहिला.

क्षयरोगाला मोकळं सोडता येत नव्हतं. अशा वेळी इथॅम्ब्युटॉलसोबत स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन देण्याची जुनी वाट आहे, पण ७.९ आयएनआर असताना कमरेत सुई टोचायची म्हणजे स्नायूत रक्ताचा गोळा व्हायचा. म्हणून इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सासिन, दोन्ही पोटातून. लिव्होफ्लॉक्सासिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, यकृतावर ओझं टाकत नाही. मात्र ते वॉर्फरिनचा परिणाम थोडा वाढवतं. हे खाली पुन्हा लागेल.

दहा की तीन?

४५ व्या दिवशी आयएनआर ३.६ आला, वॉर्फरिन पुन्हा सुरू करायची वेळ झाली. फाइलवर शेवटचा डोस १० होता. रात्रपाळीच्या डॉक्टरने तोच पुढे लिहिला होता आणि सिस्टरने मला फोन केला म्हणून तो गेला नाही. सिस्टरचं म्हणणं एवढंच होतं, "सर, टीबीच्या गोळ्या बंद आहेत ना, मग ही एवढी का?"

तिने बरोबर नस पकडली होती. दहा मिलिग्रॅम ही मावशींची गरज कधीच नव्हती, ती रिफॅम्पिसिन घेणाऱ्या मावशींची गरज होती. रिफॅम्पिसिन थांबलं की वाढलेली एन्झाइमं दुसऱ्या दिवशी गायब होत नाहीत, जुनी झिजतात आणि नवी कमी बनतात, त्यात दोन आठवडे जातात. इकडे पेशी जखमी असल्याने उतरंड आणखी वेगाने होणार होती. ३ मिलिग्रॅमने सुरू केलं.

मधल्या काळात गावाकडून सगळे उपचार आले. कावीळ उतरवणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले, चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. हळद बंद झाली, उसाचा रस सुरू झाला. यात नुकसान नव्हतं, मी काही बोललो नाही. पण मुलाने गुळवेलीचा काढा आणला तेव्हा मात्र थांबवलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताचा दाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेपही घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी माझी अडचण साधी होती. औषधाने जखमी झालेल्या यकृतात त्या दिवसांत आणखी एक अनोळखी पदार्थ गेला असता, तर पुढच्या प्रत्येक रिपोर्टचा अर्थ लावणं अशक्य झालं असतं.

एसजीपीटी ५५ व्या दिवशी ९६, ६२ व्या दिवशी ५८. बिलिरुबिन मात्र १.६ वर रेंगाळलं. घरचे घाबरले. पण यात यकृताचा दोष नव्हता. काविळीत बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला कायमचा चिकटतो आणि ते अल्ब्युमिन आपल्या गतीने, दोन-तीन आठवड्यांच्या अर्धायुष्याने झिजतं. पूर ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहते, तसं.

याच ६२ व्या दिवशी वहीत एक फार मोलाची नोंद आहे: वॉर्फरिन ३.५, आयएनआर २.९.

आजारापूर्वी ४ लागत होते, आता साडेतीन. रिफॅम्पिसिनचा प्रभाव ओसरलेला, एसजीपीटी अजून मर्यादेच्या दीडपट. लिव्होफ्लॉक्सासिन चालू असल्याने गरज थोडी कमी दिसणार हेही धरायला हवं. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी ज्या यकृताच्या पेशी फुटून रक्तात एन्झाइम सांडत होत्या, त्याची वॉर्फरिन मोडायची मूळ क्षमता जवळजवळ परत आली होती, एसजीपीटी पूर्ण नॉर्मल होण्याच्याही आधी.

याचं आश्चर्य वाटायला नको. यकृतदान करणाऱ्याचं निम्म्याहून अधिक यकृत काढलं तरी उरलेला तुकडा काही आठवड्यांत भरून येतो. कोठारात साठा भरपूर असतो. औषधं हाताळण्याची क्षमता खरी कमी होते ती सिऱ्हॉसिसमध्ये, जिथे पेशींची जागा तंतूंनी घेतलेली असते आणि रक्त यकृताला वळसा घालून जातं. तिथेही सगळी कामं एकदम बसत नाहीत. सायटोक्रोमची मोडतोड आधी मंदावते, ग्लुक्युरोनाइड नावाचा रेणू जोडून औषध बाहेर काढायचं काम बऱ्याच काळ टिकतं, म्हणूनच अशा रुग्णाला झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर डायझेपामऐवजी लोराझेपाम निवडतात. मावशींचं यकृत त्या गटातलं नव्हतं. जाळपोळ झाली होती, पण वाडा पडला नव्हता.

पुन्हा त्याच औषधांकडे

एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीच्या आत आलं की क्षयरोगाची औषधं परत सुरू करता येतात. दिल्लीच्या एम्समध्ये १७५ रुग्णांवर हे कसं करावं याची तुलना झाली होती, निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सगळी औषधं एकदम द्या किंवा एकामागून एक द्या, यकृताची इजा परत होण्याचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं, एकूण सुमारे ११ टक्के. आणि कुणाला परत होईल याचा सुगावा देणारी एकच गोष्ट निघाली, उपचाराआधीचं कमी अल्ब्युमिन. पहिल्या दिवशी मी वाचून सोडून दिलेला ३.२ चा आकडा मला तेव्हा आठवला.

तरी मी एकामागून एक हाच मार्ग घेतला, आणि कारण यकृत नव्हतं, वॉर्फरिन होतं. रिफॅम्पिसिन वॉर्फरिन मोडायचा वेग वाढवतं, आयसोनियाझिड तो थोडा अडवतं. दोन्ही एकदम सुरू केली असती तर आयएनआर कुणाच्या ओढीने हलतोय ते कळलं नसतं.

६२ व्या दिवशी रिफॅम्पिसिन ४५०. आठवड्याने एसजीपीटी ४१, पण बिलिरुबिन २.१. पुन्हा घबराट. रिफॅम्पिसिन बिलिरुबिनला यकृतपेशीत शिरण्याच्या आणि पित्तात जाण्याच्या वाटेवर अडवतं, त्यामुळे पहिल्या दोनेक आठवड्यांत एकटं बिलिरुबिन थोडं वर सरकतं. एसजीपीटी उतरत असेल, जेवण जात असेल, तर थांबायचं. थांबलो, ते आपोआप उतरलं.

मग आयसोनियाझिड, तीन दिवस १००, पुढे २००, कारण वजन तोवर ४१ किलोवर आलं होतं. एकत्रित गोळ्या सोडून सुट्या गोळ्या. आयसोनियाझिडचा मुख्य रस्ता म्हणजे एनएटी२ हे एन्झाइम, आणि त्याचा वेग जन्मानेच ठरतो. भारतीयांत निम्म्याहून अधिक लोक मंद गटात मोडतात. त्यांच्यात आयसोनियाझिड जास्त वेळ रेंगाळतं, हायड्रॅझिन या यकृताला घातक पदार्थाकडे जाणाऱ्या आडवाटेला जास्त माल वळतो, आणि रिफॅम्पिसिन ती आडवाट आणखी रुंद करतं. हा वेग यकृत बरं झाल्याने सुधारत नाही आणि आजारी पडल्याने बदलत नाही. मावशी कोणत्या गटात आहेत ही तपासणी आम्हाला करता आली नाही, म्हणून वजनाला धरून नेमका डोस आणि आठवड्याला रिपोर्ट.

पायराझिनामाइड परत दिलं नाही. दोषी तेच होतं हे मी शपथेवर सांगणार नाही, पण काविळीसह झालेल्या इजेनंतर त्याला परत बोलावण्यात मिळवायचं थोडं आणि गमवायचं फार असतं. उपचार त्याऐवजी नऊ महिन्यांचे झाले.

इकडे आयएनआर, ठरल्याप्रमाणे, कोसळला. ७६ व्या दिवशी १.६. पोटाच्या कातडीखाली इनॉक्सापॅरिनची (हेही रक्त गोठू न देणारं औषध) इंजेक्शनं सुरू केली, वॉर्फरिन ६ केलं, मग ८. ९० व्या दिवशी ९.५ मिलिग्रॅमवर आयएनआर २.७.

इजेच्या आधी रिफॅम्पिसिनखाली १० लागत होते, इजेनंतर त्याच रिफॅम्पिसिनखाली ९.५. एन्झाइमं वाढवायची म्हणजे पेशीने हुकूम ऐकायला हवा, प्रथिनं बनवायला हवीत, ती जागेवर बसवायला हवीत. मेलेली किंवा दमलेली पेशी हे करू शकत नाही. मावशींच्या यकृताने ते जवळजवळ पूर्वीइतकंच करून दाखवलं. यकृताच्या कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा मला हा पुरावा मोठा वाटला.

'लिव्हर वीक आहे'

सगळ्यात धोक्याचा प्रसंग यानंतर आला, सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना. मावशींना सर्दी-खोकला झाला, गावाजवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे फाइल पाहून सांगितलं गेलं की लिव्हर वीक आहे, त्याच्यावर एवढा मोठा डोस नको, वॉर्फरिन निम्मं करा. साडेनऊचे पाच झाले. सूनबाईंनी वहीत इमानदारीने लिहिलं.

नऊ दिवसांनी आयएनआर १.४.

मी स्टेथोस्कोप लावून झडपेचा आवाज ऐकला. धातूची झडप मिटताना टिक असा स्वच्छ आवाज येतो, गुठळी धरू लागली तर तो बसका होतो. आवाज स्वच्छ होता. इकोमध्ये दोन्ही पाकळ्या पूर्ण उघडत होत्या. सहा दिवस इनॉक्सापॅरिन, वॉर्फरिन परत ९.५. नशीब चांगलं, एवढंच म्हणेन.

त्या डॉक्टरांचा तर्क मला परका वाटत नाही, बहुतेकांचा तसाच चालतो: लिव्हरला मार बसला, म्हणजे लिव्हर हळू झालं, म्हणजे सगळ्या औषधांचा डोस कमी. मावशींच्या बाबतीत लिव्हर हळू नव्हतं, उलट रिफॅम्पिसिनने हाकल्यामुळे दुपटीने धावत होतं. 'वीक' हा शब्द इथे काहीच सांगत नाही. एसजीपीटी सांगतं की पेशी आत्ता फुटत आहेत का. अल्ब्युमिन आणि फॅक्टर ५ सांगतात की कारखाना माल काढतोय का. एखादं औषध किती वेगाने मोडलं जातंय हे या तिघांपैकी कुणीच सांगत नाही. ते त्या औषधाच्या एन्झाइमवर आणि आजूबाजूच्या गोळ्यांवर ठरतं.

उलट बाजूची भीतीही पाहिली. मावशींचे गुडघे दुखायचे आणि कुणीतरी सांगितलं होतं की क्रोसिन म्हणजे लिव्हरला विष, म्हणून त्या मेडिकलवाल्याकडून दुखण्याची दुसरीच गोळी आणून खात होत्या. डायक्लोफिनॅक निघाली. यकृतासाठीही वाईट, आणि वॉर्फरिनवर तर पोटात रक्तस्रावाचं आमंत्रण. ती बंद करून पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिनच, दिलं, दिवसाला दीड ग्रॅमच्या आत, सलग चार दिवसांपेक्षा जास्त नाही. एवढी काटकसर दोन कारणांनी. पॅरासिटामॉल रोज दोन ग्रॅमच्या घरात काही दिवस घेतलं की वॉर्फरिनवरचा आयएनआर चढतो. शिवाय आयसोनियाझिड २ई१ या एन्झाइमला धरून ठेवतं आणि त्याचा साठा वाढतो. पॅरासिटामॉलचा विषारी अंश बनवणारं एन्झाइम मुख्यतः तेच. आयसोनियाझिडची पकड सुटली की, म्हणजे गोळी चुकल्यावर किंवा बंद केल्यावर पहिले एक-दोन दिवस, तो साठा मोकळा काम करतो. उपाशी आणि बारीक माणसात तेवढे दिवस जपावं लागतात.

रिफॅम्पिसिन सुटल्यावर

नऊ महिने पूर्ण झाले. गाठी विरल्या, वजन ४७. घरी पेढे वाटले. मी सूनबाईंना सांगितलं की खरी परीक्षा आता आहे. उपचार संपल्याच्या आनंदात पेशंट महिनाभर फिरकत नाही, आणि त्याच महिन्यात एन्झाइमं ओसरतात. ९.५ वर तसंच राहिलं असतं तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत आयएनआर पुन्हा सात-आठच्या घरात गेला असता, या वेळी यकृत ठणठणीत असताना.

आधीच ठरवून उतरवलं. शेवटच्या गोळीनंतर पाचव्या दिवशी ७, बाराव्या दिवशी आयएनआर ४.१ आला म्हणून एक रात्र गोळी चुकवून ५, आणि चौथ्या आठवड्यात ४. तेव्हापासून ४ वर आयएनआर २.७ ते ३.१. आठ वर्षं जो डोस चालला, तोच.

एक गोष्ट मात्र पूर्वीसारखी झाली नाही आणि होणारही नाही. मोडतोडीचा वेग परत येतो, पण अशा इजेत शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची ओळख गुंतलेली असेल तर ती ओळख पुसली जात नाही. तेच औषध वर्षांनी पुन्हा दिलं तर पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात भडका उडू शकतो. म्हणून मावशींच्या पर्समध्ये झडपेच्या कार्डामागे दुसरं कार्ड आहे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलंय: पायराझिनामाइड देऊ नये, क्षयरोगाची औषधं पुन्हा लागली तर रुग्णालयातच सुरू करावीत. बाकी औषधांची बंदी त्यावर मुद्दाम लिहिलेली नाही.

त्या न लिहिण्याचा परवा उपयोग झाला. दाढ काढायची होती. झडपेच्या पेशंटला त्याआधी अमॉक्सिसिलिनचे २ ग्रॅम एकदा द्यायचे असतात. डेंटिस्टने फोन केला, "सर, यांना लिव्हरची हिस्टरी आहे, अँटिबायोटिक नकोच ना?" मी म्हटलं, नुसतं अमॉक्सिसिलिन द्या, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळलेलं नको. यकृताला दुखावणाऱ्या प्रतिजैविकांत त्या जोडगोळीचं नाव फार वर आहे, आणि इथे तिची गरजही नाही. दाढ निघाली. सूनबाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या: 'अमॉक्सि २ ग्रॅम, एकदाच. आयएनआर २.८.' खाली वॉर्फरिनच्या रकान्यात ४.